गटासाठी कॅमेरा: मोठा घ्यावा की खिशात मावणारा?



आज आपण बोलणार आहोत कॅमेऱ्याबद्दल. तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना कॅमेरा कशाला? पण अनेक गटांकडून आम्हाला हाच प्रश्न येतो आहे. लोणची-पापडांचे फोटो चांगले यावेत, प्रदर्शनात मोठे फलक लावता यावेत, प्रशिक्षणाच्या फिती तयार करता याव्यात, गावातल्या बारशा-साखरपुड्याची कामं मिळावीत, अशी गटांची इच्छा आहे. दुकानात गेलं की दुकानदार म्हणतो, "ताई, घ्यायचाच तर फुल-फ्रेम मिररलेस घ्या, सगळे तोच घेतात." आणि कुणी ओळखीचं सांगतं, "एवढा मोठा काय करायचाय? खिशात मावेल असा कॉम्पॅक्ट घ्या."

दोघांचंही काही खोटं नाही. पण पैसे गटाचे आहेत. एकेका बाईने आठवड्याला साठवलेले आहेत. म्हणून आधी समजून घेऊ, मग ठराव करू.

मोबाइल आहेच, मग कॅमेरा का?

पहिलं कारण अगदी घरगुती आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं, की स्वतःला वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. म्हणजे तेव्हा जवळजवळ निम्म्या जणींकडे तो नव्हता. ज्यांच्याकडे आहे, त्यांचाही फोन मुलाच्या अभ्यासाला जातो, मालक शेतावर घेऊन जातात, नाहीतर त्यातली जागा भरून गेलेली असते. गटाचा कॅमेरा गटाच्या नावावर असतो. तो कुणाच्या खिशातून मागून घ्यावा लागत नाही.

दुसरं कारण कामाचं. मोबाइलने जवळचा फोटो उजेडात छान येतो. पण सभागृहात मागच्या रांगेत बसून व्यासपीठावरच्या ताईंचा फोटो काढायचा झाला, तर चित्र फाटतं. कॅमेऱ्यात भिंगं पुढेमागे सरकून खरोखर जवळचं दाखवतात. बऱ्याच वेळा मोबाइल नुसतं चित्र ताणून मोठं करतो.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगतो. बाजारात अगदी स्वस्त छोटे कॅमेरेही मिळतात. त्यांच्या खोक्यावर "२ कोटी पिक्सेल" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्या आकड्याला भुलू नका. आतला सेन्सर मोबाइलएवढाच असेल, तर फोटोही साधारण मोबाइलसारखाच येतो.

परात आणि वाटी

सेन्सर म्हणजे काय? पूर्वी कॅमेऱ्यात रीळ घालत असू. त्या रिळाच्या जागी आता उजेड टिपणारा एक चौकोनी तुकडा असतो, तो सेन्सर. "फुल-फ्रेम" म्हणजे हा तुकडा जुन्या रिळावरच्या एका चित्राएवढा, ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद. चांगल्या खिशातल्या कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा "एक इंची" नावाचा सेन्सर असतो. नाव एक इंची, पण ते जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळीवरून आलेलं आहे. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा भरतो. गुणाकार केला तर मोठ्याचं क्षेत्रफळ छोट्याच्या सातपटींहून जास्त होतं.

आता अंगणात पाऊस पडतो आहे आणि तुम्ही एक परात आणि एक वाटी ठेवली, अशी कल्पना करा. परातीत पाणी जास्त जमणार. उजेडाचंही तसंच आहे. मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो, म्हणून संध्याकाळी, मांडवात, एका बल्बच्या खोलीत त्याचा फोटो स्वच्छ येतो. छोट्याच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. पाऊस किती जोराचा आहे, हेही बघायला हवं. तो जोर ठरतो लेन्सच्या तोंडावर. लेन्सवर "एफ" अक्षरापुढे आकडा लिहिलेला असतो. हा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. एफ १.८ च्या लेन्समधून एफ ४ च्या जवळजवळ पाचपट उजेड आत येतो.

आता हिशोब करा. समजा, खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स एफ १.८ ची आहे आणि मोठ्या कॅमेऱ्याबरोबर दुकानदाराने एफ ४ ची लेन्स दिली. परात सातपट मोठी, पण तिच्यावर रिमझिम. वाटी लहान, पण तिच्यावर पाचपट जोराची सर. शेवटी परातीत वाटीच्या दीडपटच पाणी जमलं. म्हणजे लाखाच्या पुढे पैसे घालवून फरक पडला तो एवढाच. मोठ्या कॅमेऱ्याचा खरा फायदा हवा असेल, तर त्याला तशीच मोठ्या तोंडाची लेन्स हवी. त्यातली न सरकणारी, म्हणजे झूम नसलेली ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स त्या मानाने स्वस्त मिळते. झूम असलेली मोठ्या तोंडाची लेन्स मात्र कॅमेऱ्याइतकीच, कधी त्याहूनही महाग पडते.

छोट्याबद्दलही एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्याचं एफ १.८ हे बहुधा झूम न करता असतं. झूम करत गेलं की तोंड बारीक होतं. म्हणून कमी उजेडात छोट्याने फोटो काढताना झूम करू नये, दोन पावलं पुढे जावं.

कोणत्या कामाला कोणता?

भर दिवसा, अंगणात, शेतात, ग्रामसभेत काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तर कोणता कोणत्या कॅमेऱ्याचा हे ओळखणं कठीण आहे. छापायचा झाला तरी फार फरक नाही. सहा बाय चार इंचांच्या फोटोला सुमारे २२ लाख पिक्सेल पुरतात. ए-४ कागदावर सुबक छपाई करायची तर सुमारे ८७ लाख लागतात. एक इंची सेन्सरच्या कॅमेऱ्यात साधारण २ कोटी असतात. प्रदर्शनातला मोठा फ्लेक्स लोक लांबून बघतात, त्याला तर इंचामागे कमी ठिपके चालतात. म्हणजे महालक्ष्मी सरसच्या स्टॉलवर लावायच्या फलकासाठी मोठाच कॅमेरा हवा, असं मुळीच नाही.

वस्तूंच्या फोटोत तर छोटा उलट सोयीचा. मोठ्या सेन्सरने जवळून फोटो काढला की पुढचं स्पष्ट आणि मागचं धूसर होतं. माणसाचा चेहरा असा फार सुंदर दिसतो. पण लोणच्याच्या सहा बरण्या ओळीने मांडल्या आणि पहिलीचंच लेबल वाचता आलं, तर गिऱ्हाईक काय बघणार? मोठ्या कॅमेऱ्याने हे साधता येतं, नाही असं नाही. लेन्सचं तोंड एफ ११ पर्यंत बारीक करावं लागतं आणि मग उजेड कमी पडतो, म्हणून तिपाई लावावी लागते. छोट्यात हे सहज होतं.

मग मोठा कशासाठी? रात्रीच्या लग्नासाठी. नाटकासाठी, भजन-भारुडासाठी. अंधाऱ्या खोलीत हलणाऱ्या हातांसाठी. समजा, एका उजेडात छोट्या कॅमेऱ्याला सेकंदाचा पंधरावा हिस्सा डोळा उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात फुगडी घालणाऱ्या मुलींचे चेहरे फराटे ओढल्यासारखे होतात. त्याच उजेडात तितक्याच मोठ्या तोंडाची लेन्स लावलेला फुल-फ्रेम कॅमेरा सेकंदाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यात तेवढाच स्वच्छ फोटो घेतो आणि चेहरे जागेवर राहतात. शिवाय बाहेरचा माइक जोडणं, फ्लॅश चढवणं, लेन्स बदलणं ही सोय मोठ्यात असते. छोट्यांपैकी थोड्यांतच माइकची जागा असते. फिती बनवायच्या असतील तर हे दुकानातच तपासून घ्या. चित्र थोडं कमी असलं तर लोक बघतात, आवाज नीट नसला तर मात्र उठून जातात.

वजन आणि हात

खिशातला कॅमेरा पाव किलो ते तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. मोठा कॅमेरा झूम लेन्ससकट किलोभर किंवा त्याहून जास्त. त्यात दुसरी लेन्स, बॅटरी, चार्जर घातले की पिशवी वेगळी करावी लागते. एसटीने तालुक्याला जाणारी, कडेवर मूल आणि हातात डबा असलेली बाई ती पिशवी रोज नेईल का, हा प्रश्न आहे.

इथे कुणी लगेच म्हणेल, "जड यंत्र बायकांना झेपत नाही." हे साफ खोटं आहे. होमाई व्यारावाला यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेलेल्या. त्या काळचे जड कॅमेरे घेऊन, साडी नेसून, त्या दिल्लीत सायकलवरून फिरत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ज्या कामाला जड कॅमेरा लागत होता, त्या कामाला त्यांनी तो उचलला. पण त्यांच्याच आयुष्यातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवू या. सुरुवातीला त्यांचे फोटो छापले जात ते त्यांच्या नवऱ्याच्या नावाने.

म्हणजे प्रश्न ताकदीचा नाही. कॅमेरा कुणाच्या हातात राहतो आणि फोटोखाली नाव कुणाचं लागतं, हा आहे.

आम्ही गावोगावी पाहतो ते असं. वस्तू जितकी महाग, तितकी ती बायकांच्या हातातून लवकर निसटते. "पडला तर?" म्हणून कॅमेरा अध्यक्षांच्या कपाटात जातो. "त्याला येतं" म्हणून भाच्याच्या, पुतण्याच्या गळ्यात जातो. मग गटाच्या बायका फोटोत असतात, फोटो काढणारी कुणीच नसते. याउलट हातात सहज मावणारा, एक बटण दाबून चालू होणारा कॅमेरा सासूबाईही उचलून बघतात. समोरच्या माणसालाही त्याची भीती वाटत नाही. मोठी लेन्स रोखली की आजी पदर सावरून ताठ बसतात, छोट्यासमोर त्या दळता दळता बोलत राहतात.

शिकणं जमणार नाही, अशीही शंका नको. अहमदाबादला सेवा संस्थेच्या बायकांनी १९८४ मध्येच व्हिडिओ कॅमेरा हातात घेतला. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. बटणं चिन्हांवरून ओळखून त्या शिकल्या आणि स्वतःच्या कामाच्या फिती स्वतः बनवू लागल्या.

पैशाचा हिशोब

फुल-फ्रेमचा नवा संच, म्हणजे कॅमेरा आणि कामापुरती लेन्स, लाखाच्या पुढेच जातो. एक इंची सेन्सरचा चांगला छोटा कॅमेरा त्याच्या बऱ्याच आत येतो. भाव बदलत राहतात, म्हणून दोन-तीन दुकानांतून लेखी दरपत्रक घ्या. पण हिशोबाची रीत बदलत नाही. उदाहरण म्हणून आकडे धरू. मोठा संच दीड लाखाचा आणि पाच वर्षं टिकणारा धरला, तर वर्षाला ३० हजार पडले. वर्षात फोटोची २० कामं मिळाली, तर प्रत्येक कामातले १,५०० रुपये नुसते कॅमेऱ्याचे फिटायला जातात. मजुरी, प्रवास, छपाई वेगळी. छोटा ५० हजारांचा धरला, तर वर्षाला १० हजार. वर्षात शंभर दिवस वापरला, तर दिवसाला १०० रुपये. तुमच्या गटाचे खरे आकडे घालून हाच हिशोब बैठकीत फळ्यावर मांडा.

त्यात वरखर्चही धरा. जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डं, पिशवी, तिपाई आणि विमा. यूएसबी वायरने चार्ज होणारा कॅमेरा घेतला तर वीज गेल्यावर पॉवर बँकेवरही बॅटरी भरता येते.

दुरुस्तीचंही विचारा. मोबाइल आल्यापासून छोट्या कॅमेऱ्यांचा बाजार आटला आहे. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीत २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे गेले होते, २०२० मध्ये ती संख्या एक कोटीच्याही खाली आली. त्यामुळे छोट्यांत निवड कमी राहिली आहे. मोठ्यात लेन्स बिघडली तर लेन्सच बदलता येते. छोट्याची लेन्स अंगचीच असते, तिच्यात वाळू अडकली की अख्खा कॅमेरा दुरुस्तीला. म्हणून छोटा खिशात मावत असला, तरी नुसता खिशात किंवा धान्याच्या पिशवीत टाकू नका. कापडी थैली शिवा. मोठ्याची लेन्स धुळीत, वाऱ्यात बदलू नका, सेन्सरवर धूळ बसते आणि प्रत्येक फोटोत डाग येतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दोन्ही कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवा, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. चामड्याच्या पिशवीत बंद करून ठेवू नका. जुना कॅमेरा विकत घेत असाल, तर लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का, ते बघून घ्या.

ठराव करण्याआधी

दुकानात जाताना एकटीने जाऊ नका, ज्या तिघी-चौघी वापरणार त्या सगळ्या जा. काचेआडून बघू नका. सरळ म्हणा, "दादा, चालू करून हातात द्या." प्रत्येकीने एका हाताने धरून, दुकानाच्या आतल्या कमी उजेडात चालत्या माणसाचा फोटो काढून बघा. आणि बैठकीत हे पाच प्रश्न मोठ्याने विचारा.

एक, गेल्या वर्षभरात आपल्याला कोणकोणते फोटो हवे होते? त्यातले रात्रीचे किती, दिवसाचे किती?
दोन, पैसे देऊन फोटो काढून घेणारं गिऱ्हाईक आत्ता आपल्याकडे आहे, की येईल अशी आशा आहे?
तीन, कॅमेरा कोण कोण चालवणार? किमान तिघींची नावं आहेत का?
चार, तो राहणार कुठे, आणि नोंदवहीत सही करून कोणतीही सभासद नेऊ शकेल का?
पाच, पडला, बिघडला तर खर्च कुठून, हे आधी ठरलं आहे का?

आमचं मत विचाराल तर, वस्तूंचे फोटो, बैठकांच्या नोंदी, प्रशिक्षण आणि प्रदर्शन ही कामं असणाऱ्या गटाने एक इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा घ्यावा. दोन-तीन वर्षांत चौघी-पाचजणी तयार होतील. एखाद्या रात्रीच्या कार्यक्रमाला मोठा हवाच असेल, तर पुण्या-मुंबईसारख्या शहरांत तो दिवसाच्या भाड्याने मिळतो. त्या एका कामात तुम्हाला कळेल, की तो आपल्याला झेपतो का आणि परवडतो का. आणि जिथे दोघी-तिघी आधीच फोटोचं काम करताहेत, लग्नाच्या तारखा वहीत लिहिलेल्या आहेत, तिथे कचरू नका. मोठा घ्या, पण पहिल्याच दिवशी एफ १.८ ची लेन्सही घ्या. नाहीतर परात आणून ती वळचणीखाली ठेवल्यासारखं होईल.

कोणताही घ्या, दोन नियम ठरावात लिहा. ज्या बाईचा फोटो काढायचा तिला आधी विचारायचं, आणि तिच्या परवानगीशिवाय तो पुढे पाठवायचा नाही. आणि फोटो छापला, फलकावर लावला, की खाली काढणारीचं नाव घालायचं. नवऱ्याचं नाही, गावच्या स्टुडिओचंही नाही. तिचं स्वतःचं.

तुमच्या बैठकीत काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.